लष्करी पिस्तुलाचा साधेपणा

युद्धांत वापरल्या जाणाऱ्या सर्व शस्त्रांमध्यें पिस्तूल हें बहुधा सर्वांत कमी उपयोगाचें शस्त्र होय, असें म्हटल्यास पुष्कळ वाचकांस आश्चर्य वाटेल. परंतु वस्तुस्थिति तशीच आहे. लढाईचा निकाल तोफा, बंदुका आणि मशीनगनी लावतात. पिस्तूल मात्र अधिकाऱ्याच्या कमरेस किंवा रणगाड्याच्या चालकापाशीं महिनेच्या महिने नुसतें लोंबकळत राहतें. पाऊस, धूळ आणि घाम यांचा मारा तें मुकाट्यानें सोशीत असतें. त्याची आठवण कोणास होत नाहीं, आणि ज्या दिवशीं होते त्या दिवशीं माणसापाशीं दुसरा उपायच उरलेला नसतो. बंदूक रोज हाताळली जाते म्हणून रोज पुसली जाते. पिस्तुलाच्या नशिबीं तेवढी निगा नाहीं. त्यामुळें पिस्तूल रचणाऱ्यापुढील प्रश्न केवळ नेमबाजीचा नसतो. उपेक्षा सोसूनही जें चालेल, थंडीनें बधिर झालेल्या बोटांनीं जें उकलतां व जुळवितां येईल, आणि ज्याचा मोडलेला भाग मोठ्या कारखान्याची वाट न पाहतां बदलतां येईल, असें यंत्र त्यास घडवावयाचें असतें.

या गुणास सामान्यतः साधेपणा म्हणतात. पण हा साधेपणा कोणाच्या बाजूनें पाहिलेला, हें विचारणें आम्हांस अवश्य वाटतें. शिपायास सोपें तें कारखान्यास सोपें असेलच असें नाहीं. आणि कारखान्यास सोपें तें कधीं कधीं शिपायाच्या जिवावर बेततें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जीं कांहीं प्रसिद्ध लष्करी पिस्तुलें निघालीं त्यांचा इतिहास म्हणजे या दोन सोयींमधील तंट्याचा इतिहास होय.

स्वयंचलित पिस्तुलें निघण्यापूर्वीं सैन्यांत रिव्हॉल्व्हराचें राज्य होतें. ब्रिटिश व हिंदी पलटणींच्या अधिकाऱ्यांजवळ असे तें वेब्ली, किंवा रशियन सैन्यानें १८९५ सालीं स्वीकारलेलें नागांत, हीं त्याचीं नमुनेदार उदाहरणें. वेब्ली मध्यावर मोडून उघडलें कीं सहाही रिकाम्या पुंगळ्या एकदम बाहेर पडत. नागांतांत सातही काडतुसें एकेक करून भरावीं लागत आणि पुंगळ्याही एकेक करूनच काढाव्या लागत. परंतु रिव्हॉल्व्हराचा एक मोठा गुण असा कीं, तें बोटाच्या जोरावर चालतें. काडतूस फुसकें निघालें तर चाप पुन्हां ओढावा, दुसरें काडतूस समोर येतें. स्वयंचलित पिस्तुलांत हा सर्व व्याप गोळीचा धक्काच उरकतो. गोळी पुढें गेली कीं त्याच धक्क्यानें नळीमागील पोलादी ठोकळा मागें सरतो, रिकामी पुंगळी बाहेर फेंकतो, घोडा चढवितो, आणि स्प्रिंगच्या जोरानें परत येतांना मॅगझिनमधील नवें काडतूस नळींत ढकलतो. हें सारें डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होतें. मेख एवढीच कीं, येथें बोटाचा जोर उपयोगीं नाहीं. काडतुसानें जेवढा धक्का दिला तेवढीच यंत्राची शिदोरी. चिखलानें किंवा वाळूनें ती मध्येंच खाल्ली म्हणजे ठोकळा अर्ध्या वाटेवर अडकतो, आणि हातांत उरतो तो किलोभर लोखंडाचा तुकडा.

जर्मनींतील माउझर कारखान्याचें १८९६ सालचें पिस्तूल हें या नव्या जातीचें पहिलें खरें यशस्वी अपत्य. रचना फेडर्ले बंधूंची, नांव मात्र मालकाचें लागलें. असें सर्वत्रच होतें. या पिस्तुलाची एक कीर्तिकथा आमच्या मुंबईशीं जोडलेली आहे. विन्स्टन चर्चिल हे १८९६ सालीं आपल्या घोडदळाबरोबर हिंदुस्थानांत आले तेव्हां ससून डॉकवर नावेंतून उतरतांना त्यांनीं भिंतींतील लोखंडी कडें धरलें, नाव हेलकावली, आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. हें दुखणें त्यांस जन्मभर पुरलें. पुढें २ सप्टेंबर १८९८ रोजीं सुदानांत ओम्डुरमनच्या लढाईंत २१ व्या लान्सर्स पथकानें घोडे घातले त्या वेळीं चर्चिल यांनीं तरवार म्यानांत ठेवून दहा काडतुसांचें माउझर हातीं घेतलें, तें या खांद्यामुळेंच.

माउझरच्या कारागिरीचें कौतुक करावें तेवढें थोडें. मुठीच्या लाकडी पट्ट्या धरून ठेवणारा स्क्रू सोडला तर त्यांत दुसरा स्क्रू नाहीं. सर्व भाग खांचाखुंट्यांनीं एकमेकांत असे गुंतविलेले आहेत कीं, एखादें लांकडी कोडें हातांत घेतल्याचा भास व्हावा. घोडा व त्यास अडविणारीं अंगें एका स्वतंत्र चौकटीवर बसविलेलीं असून ती चौकट सबंध बाहेर निघते. ही कल्पना वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें ती निराळ्या देशांत पुन्हां भेटणार आहे. परंतु स्क्रू नाहींत म्हणून यंत्र साधें झालें, असें समजणें फसवें आहे. तें कोडें पोलादांतून कोरून काढण्यास यंत्रावरचें काम अतोनात लागे, आणि उकललेलें कोडें पुन्हां जुळविण्यास क्रम पाठ असावा लागे. स्क्रूचें काम कारागिराच्या बुद्धीनें केलें, इतकेंच. श्रम कमी झाले नाहींत. जर्मन सैन्यानें हें पिस्तूल आपलें मुख्य पिस्तूल म्हणून कधींच घेतलें नाहीं. पहिल्या महायुद्धांत तुटवडा पडला तेव्हां मात्र ९ मिलिमीटर मापाच्या दीड लाख माउझरांची मागणी त्यानें नोंदविली.

जर्मन सैन्यानें १९०८ सालीं पसंत केलें तें गेओर्ग लुगर याचें पिस्तूल. माणसाचा गुडघा दुमडावा तसा याचा मागचा सांधा वर दुमडतो, नेम उत्तम लागतो, आणि मूठ तर हातासाठींच जन्मली असावी अशी बसते. उकलावयासही तें कठीण नाहीं. असें असतां त्यास नांवें कां ठेवावींत? कारण त्याच्या बारीकसारीक भागांवर कोरलेल्या आंकड्यांत आहे. पिस्तुलाच्या क्रमांकांतील शेवटचे दोन आंकडे त्याच्या बहुतेक लहान भागांवर उठविलेले असत. याचा अर्थ असा कीं, प्रत्येक भाग त्या एकाच पिस्तुलासाठीं घांसून बसविलेला आहे. दोन शिपाई एका घोंगडीवर शेजारीं बसून आपापलीं पिस्तुलें साफ करूं लागले आणि भागांची अदलाबदल झाली, तर दोन्ही पिस्तुलें बिघडण्याचा संभव. शिवाय चापाचा जोर घोड्याच्या जागीं असलेल्या अंगापर्यंत नेणारी पट्टी डाव्या बाजूस उघडी असते, म्हणजे चिखलास आंत येण्याचें आमंत्रणच. फ्रान्स व फ्लॅंडर्समधील खंदकांत चिखल किती होता हें सांगणें नकोच. या पिस्तुलाच्या कातडी म्यानांत एक लहानसें हत्यार ठेवण्याचा खण मुद्दाम शिवलेला असे. मॅगझिन भरण्यास आणि स्क्रू फिरविण्यास तें लागे. हत्यार हरवलें म्हणजे पंचाईत. ज्या शस्त्राबरोबर दुसरें हत्यार जपावें लागतें, त्याच्या रचनेंत कोठें तरी शिपायाचा विसर पडला आहे, असें आमचें मत आहे. १९३८ सालीं जर्मनीनें त्याच्या जागीं वाल्थरचें पिस्तूल घेतलें. लुगरचें लष्करी उत्पादन १९४२ पर्यंत रेंगाळलें.

आतां अमेरिकेकडे वळूं. जॉन मोझेस ब्राउनिंग याचा जन्म १८५५ सालीं यूटा प्रांतांतील ऑग्डेन येथें झाला. त्याचा बाप बंदुका दुरुस्त करणारा होता, आणि मुलाचें शिक्षण बापाच्या दुकानांतच झालें. आमच्या मतें या माणसाच्या यशाचें अर्धें रहस्य येथें आहे. नवें यंत्र काढणारा कल्पनेकडून वस्तूकडे येतो. दुरुस्ती करणारा मोडलेल्या वस्तूकडून कल्पनेकडे जातो. कोणती स्प्रिंग प्रथम सैल पडते, कोणती खीळ प्रथम झिजते, कोणता स्क्रू गिऱ्हाईक हमखास हरवून येतो, हें त्याच्या बोटांस ठाऊक असतें.

फिलिपाइन बेटांतील मोरो लोकांशीं झालेल्या झटापटींत ०.३८ इंची रिव्हॉल्व्हराची गोळी अपुरी पडते असा अनुभव आल्यावर अमेरिकन सैन्यानें ०.४५ इंची पिस्तुलाचा शोध सुरू केला. शेवटच्या कसोटीस दोन उमेदवार उरले, ब्राउनिंगनें रचलेलें कोल्ट आणि सॅव्हेज. मार्च १९११ मध्यें प्रत्येकांतून ६००० फैरी झाडण्यांत आल्या. शंभर फैरींनंतर थोडी विश्रांति, हजारानंतर साफसफाई व तेल, आणि पिस्तूल फार तापलें तर सरळ पाण्यांत बुचकळणें, अशी ती परीक्षा. सॅव्हेज ३७ वेळां अडलें. कोल्ट एकदांही अडलें नाहीं. नंतर वेडींवांकडीं काडतुसें, आम्लानें आणलेला गंज, वाळू, चिखल यांचेही प्रयोग झाले. २९ मार्च १९११ रोजीं तें पिस्तूल सैन्यानें स्वीकारलें, आणि १९८५ पर्यंत तें अमेरिकेचें मुख्य लष्करी पिस्तूल राहिलें.

या पिस्तुलाची खरी खुबी तें उकलतांना कळते. घोड्याखालीं जी लहानशी पोलादी काडी असते, जिचें नेहमींचें काम घोड्याचा भार स्प्रिंगवर नेण्याचें, तीच काढून घेतली कीं तिनें मुठीच्या मागील भागाची खीळ ढकलून बाहेर काढतां येते. म्हणजे पिस्तूल आपल्या दुरुस्तीचें हत्यार आपल्या पोटांतच बाळगतें! लुगरच्या म्यानांतील तो निराळा खण येथें लागत नाहीं. आणि भाग घांसून बसविलेले नसून मापानें केलेले असल्यामुळें दहा पिस्तुलांचे भाग एका ढिगांत टाकून पुन्हां दहा पिस्तुलें उभीं करतां येतात. दुसऱ्या महायुद्धांत याची मोठी परीक्षा झाली. त्या वेळीं हें पिस्तूल बनविणाऱ्यांत टाइपरायटर करणारी रेमिंग्टन रँड होती, रेल्वेचे सिग्नल करणारी युनियन स्विच अँड सिग्नल होती, आणि आमच्या घराघरांत जिचें यंत्र ओळखीचें आहे ती शिवणयंत्रांची सिंगर कंपनीही होती. सिंगरनें केवळ ५०० पिस्तुलें केलीं, पण रेमिंग्टन रँडनें आठ लाखांहून अधिक. एका कंपनीची नळी दुसरीच्या सांगाड्यांत बसली पाहिजे, ही अट सर्वांवर होती.

तरीपण ब्राउनिंगच्या पिस्तुलांतही लहान लहान भाग पुष्कळ आहेत, आणि शिपायानें नेहमींच्या सफाईपलीकडे जाऊन घोड्यामागील नाजूक जुळणीस हात घातला तर ती पुन्हां बसवितांना तो घामाघूम होतो. हा शेवटचा व्याप ज्यानें कमी केला त्याचें नांव फ्योदोर वासिल्येविच टोकारेव्ह.

टोकारेव्ह १८७१ सालीं डॉन नदीच्या मुलखांतील कझाक कुटुंबांत जन्मला आणि १९६८ सालीं वारला. त्याचीही सुरुवात दुरुस्तीपासूनच झाली. तरुणपणीं तो कझाक पलटणींत शस्त्रें नीट करण्याचें काम करी, व पुढें तुला येथील जुन्या शस्त्रशाळेंत त्याचें बहुतेक आयुष्य गेलें. १९३० सालीं लाल सैन्यासाठीं नव्या पिस्तुलाच्या परीक्षा झाल्या. त्यांत कोरोविन व प्रिलुत्स्की यांच्या रचना होत्या, परदेशी पिस्तुलेंही होतीं. पसंती टोकारेव्हला मिळाली. त्याच्या पिस्तुलास तुला आणि टोकारेव्ह यांच्या आद्याक्षरांवरून टीटी हें नांव पडलें.

टोकारेव्हनें नळी मिटविण्याची युक्ति ब्राउनिंगकडून उघड उघड घेतली, आणि काडतूस माउझरच्या धर्तीचें, कारण माउझर पिस्तुलें रशियांत पुष्कळ पसरलेलीं होतीं. ही उसनवारी कोणी दोष म्हणून सांगतात. आम्हांस ती शहाणपणाची वाटते. त्याची स्वतःची देणगी निराळीच आहे. घोडा, त्यास अडविणारें अंग, आणि एका चाप-ओढीस एकच फैर निघेल अशी व्यवस्था करणारा भाग, हे सर्व त्यानें एका लहानशा ठोकळ्यांत एकत्र बसविले, आणि घोड्याची स्प्रिंग तर घोड्याच्याच पोटांत दडविली. पिस्तूल उघडलें कीं हा सबंध ठोकळा चिमटींत धरून वर उचलतां येतो. माउझरची ती चौकट येथें पुन्हां भेटते. परंतु तेथें ती कोड्याचा एक तुकडा होती, येथें ती स्वतंत्र वस्तु झाली आहे. शिपायानें ती पुसावी, तेल द्यावें, आणि परत ठेवावी. आंतील नाजूक जुळणीस हात लावण्याचें कारणच नाहीं. ती बिघडली तर पलटणीच्या कारागिरानें दुसरा ठोकळा टाकावा व बिघडलेला सावकाश बांकावर घेऊन बसावें.

याच ठोकळ्याच्या पुढच्या अंगास दोन ओठ कोरलेले आहेत, आणि मॅगझिनमधून वर येणाऱ्या काडतुसास ते वाट दाखवितात. ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक. पण स्वयंचलित पिस्तूल अडण्याचें सर्वांत नेहमींचें कारण म्हणजे मॅगझिनच्या पत्र्याचे वांकलेले ओठ. पातळ पत्रा खिशांत दबतो, दगडावर आपटतो, बुटाखालीं येतो. टोकारेव्हनें वाट दाखविण्याचें काम त्या दुबळ्या पत्र्याकडून काढून घट्ट पोलादाकडे दिलें. मुठीच्या पट्ट्याही आंतून फिरणाऱ्या अडणीनें बसविल्या, स्क्रू नाहींच. पिस्तूल उकलावयास बाजूची एक चिमटी सरकवावयाची असते, आणि तेवढ्यास हत्यार म्हणून मॅगझिनची कड पुरते.

एवढ्यावर तुलाचे लोक थांबले नाहींत. १९३३ च्या सुमारास त्यांनीं तेंच पिस्तूल आणखी सोपें केलें, आणि हें दुसरें सोपेपण मात्र कारखान्यासाठीं होतें. पूर्वीं नळीच्या केवळ वरच्या अंगास उंचवटे असत व ते मिलिंग यंत्रावर कापावे लागत. आतां ते नळीभोंवतीं पूर्ण कड्यांसारखे केले. कड्यांचा खालचा अर्धा भाग कांहींच काम करीत नाहीं. पण कडें असल्यामुळें नळी लेथवर धरून एका फिरकींत तें काढतां येतें. थोडें पोलाद वायां गेलें आणि पुष्कळ वेळ वांचला. मुठीची निराळी निघणारी पाठ सांगाड्याशीं एकजीव केली. नळीचें माप तर प्रथमपासूनच रशियन बंदुकीचें, ७.६२ मिलिमीटर; म्हणून आटे पाडण्याचीं हत्यारेंही सामाईक. १९४१ च्या शरदांत जर्मन फौजा तुलाच्या वेशीपर्यंत आल्या, शहर पडलें नाहीं, पण यंत्रें गाड्यांवर घालून पूर्वेकडे न्यावीं लागलीं आणि टीटीचें काम इझेव्स्क येथें चालू झालें. कुशल कारागीर आघाडीवर गेलेले, यंत्रांपुढें बायका आणि पोरें उभीं. अशा वेळीं एका फिरकींत निघणाऱ्या कड्याची किंमत काय होती हें वेगळें सांगावयास नको. तरीही जुनें नागांत रिव्हॉल्व्हर युद्धभर निघतच राहिलें, ही गंमत नमूद केली पाहिजे. ज्याचीं यंत्रें आधींच मांडलेलीं आहेत तें गुंतागुंतीचें असलें तरी कारखान्यास सोपेंच!

आतां या साधेपणाची जमाखर्चाची दुसरी बाजू. टीटीला सुरक्षा-खटका नाहीं. घोडा अर्धवट चढवून ठेवला म्हणजे चाप व वरचें सरकतें आवरण अडून राहतें, एवढीच काय ती सोय. पिस्तूल नवें असतांना ती पुरते. अर्ध्या चढीची ती बारीक खांच झिजली म्हणजे भरलेलें पिस्तूल खालीं पडणें हा मरणाशीं खेळ होतो. म्हणून पुष्कळ जण नळी रिकामी ठेवूनच तें बाळगीत. परंतु मग ऐन वेळीं आवरण मागें ओढण्यास दोन्ही हात मोकळे पाहिजेत, आणि जखमी माणसाचा एक हात बहुधा मोकळा नसतो. खटका वगळून कारखान्यानें दोनतीन भाग वांचविले, तें खरें. त्यांचें मोल ज्यानें दिलें तो कारखान्यांत नव्हता. हंगेरीनें १९५८ सालीं इजिप्तसाठीं याच पिस्तुलाची ९ मिलिमीटरची आवृत्ति केली तेव्हां गिऱ्हाइकासाठीं तिला खटका बसविला. म्हणजे खटका बसविणें अशक्य होतें असें नाहीं.

रशियानें स्वतः ही चूक १९५१ सालीं सुधारली. त्या वर्षीं स्वीकारलेल्या निकोलाय माकारोव्ह याच्या पिस्तुलांत खटका आहे, शिवाय तो लावतांच चढलेला घोडा सुखरूप उतरतो. आणि एवढें करूनही भाग वाढले नाहींत, उलट घटले. कसें? माकारोव्हनें एकेका भागास अनेक कामें लावलीं. घोड्याची एक चपटी स्प्रिंग घोडा तर चालवितेच. तिचीच बारीक फांदी चापाच्या दांड्यास रेटते, आणि तिचें खालचें टोंक मॅगझिन अडकवून धरतें. नळी सांगाड्यांत पक्की बसविलेली, तिच्याभोंवतीं परतीची स्प्रिंग. चापाची कमान खालीं ओढली, आवरण मागें घेऊन वर उचललें, कीं पिस्तूल उकललें. सुटा होऊन गवतांत हरवेल असा एकही लहान भाग हातीं येत नाहीं. एका स्प्रिंगवर तीन कामें टाकणें यांत जोखीम आहे, ती मोडली तर तिन्ही कामें बंद. पण रुंद, जाड स्प्रिंग सहसा मोडत नाहीं, आणि मोडली तर बदलण्यास क्षणभर पुरतो. मात्र हें जमलें तें दुबळें काडतूस पत्करल्यामुळें. टीटीचें जोरकस काडतूस असतें तर नळी अशी स्थिर ठेवून चाललें नसतें. साधेपणाचें मोल येथें गोळीच्या जोरानें चुकविलें.

टीटीचें पुढें काय झालें? पोलंड, हंगेरी, रुमानिया, युगोस्लाव्हिया, चीन, उत्तर कोरिया इतक्या देशांत तें तयार झालें. परंतु त्याचा सर्वांत चमत्कारिक कारखाना पेशावर आणि कोहाट यांच्या मधल्या डोंगरांत आहे. दर्रा आदम खेल या गांवचे पठाण लोहार ब्रिटिश अमलापासून सरकारी बंदुकांच्या नकला करीत आले आहेत. त्यांनीं टीटी हातीं धरलें, आणि तें त्या मुलखांत इतकें रुजलें कीं, ‘टीटी’ हा तेथें पिस्तुलाचाच पर्याय होऊन बसला. तुलाच्या लेथसाठीं जें सोपें केलें होतें तें कानशीस आणि हातांनीं फिरविण्याच्या गिरमिटासही सोपें ठरलें. त्यांतील पोलाद कसें निघेल याचा भरंवसा विकणाराही देत नाहीं. खऱ्याचा भास व्हावा म्हणून मूळ कारखान्याचा शिक्काही हे लोहार उठवितात. त्यांच्या नकली बंदुकांवरील इंग्रजी अक्षरें कधीं उलटीं, कधीं गाळलेलीं आढळतात, कारण शिक्का कोरणाऱ्यास ती लिपि वाचतां येत नसे.